डागाची गुणपत्रिका

डाग पहिल्यांदा मोजला तेव्हा तो साडेतीन फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद भरला. सरांनी मोजमाप वहीत टिपलं, खाली रेघ मारली आणि मगच कंबर धरून उठले. डाग काढायच्या आधी कोणी डाग मोजत बसत नाही, हे त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, गॅरेजच्या दारातून सांगून पाहिलं. पण सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे स्वयंपाक्याला मीठ चाखू नका म्हणण्यासारखं होतं.

"अगं, सुरुवातीला किती होता हेच माहीत नसेल, तर किती गेला ते कसं कळणार?"

"गेला की दिसणार नाही. तेव्हा कळेल," काकू म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

डाग सरांच्या जुन्या गाडीचा होता. गाडी विकली गेली, पण एकोणीस वर्षं एकाच जागी उभं राहून थेंबथेंब तेल गाळल्याची ही आठवण मागे ठेवून गेली. तिची इतर कुठलीही गोष्ट इतकी नियमित नव्हती.

आता त्या रिकाम्या गॅरेजमध्ये सरांना रविवारची शाळा भरवायची होती. फुकट. इमारतीतल्या अकरा मुलांची नावं आली होती. येत्या रविवारी सकाळी दहाला पहिला तास. भिंतीला काळा फळा लागला होता, बसायला सतरंज्या आल्या होत्या. निवृत्त होऊन सरांना दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत त्यांना एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नव्हता. विचारलाच तर "गॅस बंद केलात का?" एवढाच. काकू विचारत, आणि सर उत्तरादाखल ज्वलनाला हवा का लागते ते सांगत. एका आठवड्यात चौथ्यांदा बाष्पीभवन ऐकून झाल्यावर काकूंनीच गॅरेजची कल्पना काढली होती. ती त्यांनी समाजसेवा म्हणून काढली की स्वसंरक्षणासाठी, हे ठरवणं अवघड आहे.

तर सगळं तयार होतं. अडलं होतं ते सेक्रेटरींपाशी.

सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहत. मनाने वाईट नव्हते, पण इमारतीची नियमावली त्यांना पाठ होती, आणि पाठ असलेली गोष्ट म्हणून दाखवायची संधी माणूस सोडत नाही. सरांनी साध्या कागदावर विनंती लिहून दिली, ती परत आली. विहित नमुन्यात हवी, तीन प्रतींत हवी. विहित नमुन्यात दिली, तीही परत आली. 'वाहनाचा क्रमांक' या रकान्यात सरांनी 'वाहन नाही' असं लिहिलं होतं.

"वाहन नाही, मग गॅरेज कशाचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"म्हणून तर वापर बदलून मागतोय."

"वापर बदलायचा अर्ज वाहनधारकानेच करायचा असतो, सर. कलम नऊ."

शेवटी सरांनी आपल्या सायकलीची नोंद केली. सायकलीला क्रमांक नसतो, म्हणून 'क्रमांक एक' असं लिहिलं. अर्ज मंजूर झाला. मात्र खाली लाल शाईत अट होती: शनिवारी सायंकाळी पाच वाजता जमिनीची तपासणी होईल, तेलाचा डाग आढळल्यास परवानगी रद्द, पुढील विचार सहा महिन्यांनी. आणखी खाली, बारीक अक्षरात: धुण्याचे पाणी सामायिक बोळात येता कामा नये.

"सतरंजी टाका त्याच्यावर," काकू म्हणाल्या.

"मुलांना पहिल्याच दिवशी डाग झाकायला शिकवू?" सर म्हणाले. असल्या वाक्यांमुळे माणसाचा आठवडा कसा जातो, ते आता पाहायचं आहे.

सोमवारी सरांनी कोणाचाही सल्ला घेतला नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने तेलाच्या डागाबद्दल इतरांना विचारायचं म्हणजे काय! त्यांनी फरशी धुवायचं ॲसिड आणलं, रबरी हातमोजे घातले, नाकाला रुमाल बांधला आणि काकूंना प्रात्यक्षिक पाहायला खाली बोलावलं. डागाच्या एका कोपऱ्यावर ॲसिड ओतताच फसफस बुडबुडे उठले.

"बघ! बघ कसा चरफडतोय!" सर रुमालाआडून ओरडले.

"कोण?"

"डाग!"

बुडबुडे येतच राहिले. सरांनी उत्साहाने आणखी ओतलं. पंधरा मिनिटांनी स्पंजाने टिपून पाहिलं, तर तिथे थाळीएवढा खड्डा पडला होता आणि खड्ड्याच्या तळाशी डाग शांतपणे पहुडला होता. ॲसिडने सिमेंट खाल्लं होतं. तेलाला त्याने हातही लावला नव्हता.

सिमेंटवर ॲसिड पडलं की वायू सुटतो, हे सरांनी सदतीस वर्षं दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं. आठवीला. पहिल्या सत्रात. दरवर्षी त्यावर प्रश्नही काढला होता.

काकू काही बोलल्या नाहीत. संसारात काही न बोलण्याचे जे प्रकार असतात, त्यातला हा सर्वांत जहाल होता.

मंगळवारी बातमी इमारतभर झाली आणि सल्ल्यांचं दार उघडलं. समोरच्या गॅरेजमध्ये एक मेकॅनिक स्कूटरी दुरुस्त करत असे. तो पाना हातात घेऊनच आला, खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, "सर, ॲसिड? तुम्ही? अहो, तेलाला तेलानेच मारायचं. रॉकेल ओता, ब्रश मारा, विषय संपला."

"तुझ्या गॅरेजमध्ये तर जागोजागी डाग आहेत."

"ते आमचे धंद्याचे आहेत. ते काढत नसतात."

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी जिन्यातूनच बोलत खाली आल्या. "सर, ऐका माझं. धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. माझ्या स्वयंपाकघराचा ओटा बघा, आरसा आहे आरसा. भांग पाडता येतो त्यात. आणि त्या मेकॅनिकचं काही ऐकू नका, त्याच्या बनियनकडे बघा एकदा."

संध्याकाळी खुद्द सेक्रेटरी आले. तपासणी अधिकाऱ्याने सल्ला देणं नियमात बसत नाही, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं आणि मग पिशवीतून एक जांभळी बाटली काढली. "जावयाने पाठवलीय. बाहेरची आहे. वासच बघा नुसता." वास खरोखर छान होता. एखाद्या लग्नाच्या हॉलसारखा. "मी दिली असं कुठे म्हणू नका. मात्र काम झालं की सांगा सगळ्यांना."

चौथा सल्ला मागून आला. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे सर पँटची शिलाई उसवली म्हणून गेले होते. सोमवारपासून उकिडवं बसल्यावर पँट किती टिकणार? शिंप्याने मशीनवरून मान न उचलता डागाची हकिगत ऐकली.

"घासलंत?" त्याने विचारलं.

"घासलं."

"तिथेच चुकलं. कापड असो की जमीन, तेलाचा स्वभाव एकच. घासलं की ते आत पळतं. त्याला वर बोलवायचं असतं." त्याने ड्रॉवरमधून खडूचा तुकडा काढला. "खडूची भुकटी, त्यात थोडं स्पिरिट. लेप द्या, एक दिवस वाळू द्या, मग झाडून काढा. चोळायचं नाही. मशीनचं तेल गिऱ्हाइकाच्या रेशमावर पडतं तेव्हा मी हेच करतो आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही. पँट उद्या न्या."

आता चार सल्ले हातात असताना दुसऱ्या कोणी एक निवडला असता, किंवा चारही एकदम ओतले असते. सरांनी तसं केलं नाही. घरी येऊन त्यांनी खडू घेतला, दोरी घेतली आणि डागावर रेघा मारून त्याचे सहा समान चौकोन केले, प्रत्येक साधारण चौदा इंचांचा. एक चौकोन रॉकेलचा, एक सोड्याचा, एक जांभळ्या बाटलीचा, एक खडूच्या लेपाचा. पाचवा त्यांचा स्वतःचा, खड्ड्यासकट. आणि सहाव्याला काहीच करायचं नाही, कारण तुलनेला एक चौकोन जसाच्या तसा ठेवावा लागतो. ही शास्त्रीय पद्धत आहे, आणि तिच्यात दोष काढायला जागा नाही.

दोष पुढच्या पायरीत होता. शुक्रवारी दुपारी सगळे प्रयोग वाळल्यावर सरांनी, हाताला असलेल्या जुन्या सवयीने, प्रत्येक चौकोनात सल्ला देणाऱ्याचं नाव घातलं आणि खाली दहापैकी गुण दिले.

शिंपी: नऊ. लेप झाडल्यावर खालची जमीन राखाडी आणि कोरडी निघाली होती. मावशी: सहा. डाग फिकटला, पण गेला नाही. मेकॅनिक: चार. डाग गेला नव्हता, नुसता फिरायला गेला होता. रॉकेलवर बसून शेजारच्या दोन चौकोनांत शिरला होता. सेक्रेटरी: दोन. डाग होता तिथेच होता, फक्त आता जांभळा होता आणि त्याला लग्नाच्या हॉलचा वास येत होता. सरांनी स्वतःला शून्य दिलं. त्या बाबतीत ते कडक होते. आणि काहीही न केलेल्या चौकोनाला तीन.

निकाल लावून सर चहाला वर गेले. गॅरेजचं दार उघडं राहिलं.

पहिला घोट घेतात न घेतात तोच खालून मावशींचा आवाज आला. "सहा? मला सहा? आयुष्यात मला कुठल्या ओट्याला सहा मिळाले नाहीत!"

सर खाली धावले. मेकॅनिक कमरेवर हात ठेवून उभा होता. "सर, माझे चार कसे? मी ब्रश मारा म्हणालो होतो. ब्रश नीट मारलेला नाही. ही विद्यार्थ्याची चूक नाही, परीक्षकाची आहे."

"पुनर्तपासणी करा," मावशी म्हणाल्या. "पाणी उकळतं होतं का कोमट? खरं सांगा."

"उकळून खाली आणेपर्यंत..." सर म्हणाले.

"कोमट! बघा! सगळ्यांसमोर बघा, कोमट पाण्यात मला बसवलं!"

आणि मग सेक्रेटरी आले. सोबत त्यांची आठ वर्षांची नात होती. सगळी इमारत तिला टिचकी म्हणे. रविवारच्या अकरा मुलांत तिचं नाव पहिलं होतं. सेक्रेटरींनी चष्मा लावून सगळे चौकोन वाचले. आपल्या चौकोनापाशी ते थांबले. मग शेजारच्या चौकोनापाशी थांबले.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "इथे काय केलंय?"

"काही नाही."

"काही नाही, आणि त्याला तीन?"

"काही बिघडवलं नाही म्हणून."

"आजोबा," टिचकी म्हणाली, "म्हणजे तुम्ही काही केलं नसतं तर तुम्हाला एक मार्क जास्त मिळाला असता?"

सेक्रेटरींचे कान लाल झाले. "उद्या पाच वाजता तपासणी आहे," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे. पूर्ण नियमाप्रमाणे." आणि नातीचा हात धरून निघून गेले.

सर त्या रात्री नीट जेवले नाहीत. सदतीस वर्षांत त्यांनी हजारो पेपर तपासले, पण एकदाही विद्यार्थ्याच्या पालकाने शाळाच बंद पाडायची धमकी दिली नव्हती. फळ्याकडे पाहून त्यांना वाटलं, अकरा मुलं सहा महिन्यांत चित्रकलेला, पोहायला, कुठेकुठे पांगतील. काकूंना त्यांनी दिवसभरात काहीही शिकवलं नाही, तेव्हा काकूही काळजीत पडल्या.

शनिवारी सकाळी सर गॅरेजमध्ये पोचले, तर तिथे आधीच गर्दी. मेकॅनिक स्वतःच्या चौकोनावर स्वतःचा ब्रश मारत होता. मावशींनी वाफाळती किटली आणली होती. आणि सर्वांत कोपऱ्यात, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, इमारतीचे सेक्रेटरी उरलेली जांभळी बाटली घेऊन उकिडवे बसले होते.

"मी तपासणी अधिकारी म्हणून आलेलो नाही," ते वर न पाहता म्हणाले. "मी परीक्षार्थी म्हणून आलोय. तुम्ही बाटली हलवून घेतली नव्हती. वर लिहिलंय, वापरण्यापूर्वी हलवा."

"रॉकेल इकडे येतंय हं तुझं!" मावशी मेकॅनिकवर ओरडल्या.

"मावशी, तुमचं पाणी माझ्यात येतंय, म्हणून ते तिकडे जातंय!"

मावशींनी किटली कलती केली. सोडा, उकळतं पाणी, रॉकेल आणि जांभळं औषध यांची गाठ पडली. आधी फेस आला. मग तो फुगला. मग त्याने सहाही चौकोन गिळले, गुणपत्रिका पुसून टाकली आणि फिकट जांभळ्या लाटेने, लग्नाच्या हॉलचा वास मिरवत, गॅरेजच्या उंबऱ्यावरून सामायिक बोळाकडे निघाला. त्याला अडवायला सगळ्यांत पुढे धावले ते सेक्रेटरी. त्यांचा पाय घसरला, आणि ते फेसासह बोळात जाऊन बसले.

"सगळे जागेवर बसा!"

हा आवाज सरांचा होता. दोन वर्षं तो त्यांनी वापरला नव्हता, पण गंज चढला नव्हता. मेकॅनिक बसला. मावशी किटलीसकट बसल्या. सेक्रेटरी बसलेलेच होते, ते ताठ बसले.

सरांनी आधी पोतेरं टाकून लाट अडवली. मग ते सगळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या आवाजातला राग आपोआप गेला. समोर चेहरे वर करून बसलेली माणसं दिसली की त्यांचं असंच होई.

"ही जमीन दिसायला दगडासारखी आहे," ते म्हणाले, "पण आतून पावासारखी आहे. बारीक बारीक भोकं. तेल त्या भोकांत जाऊन बसलंय. आपण वरून मारतोय, घासतोय, ओततोय. तर ते काय करेल?"

"आत पळेल," मावशी म्हणाल्या.

"शाब्बास. मग त्याला बाहेर काढायचं कसं?"

मेकॅनिकने हात वर केला. पान्याचा हात. "वर काहीतरी कोरडं ठेवायचं. जे त्याला पिऊन टाकेल. आमच्याकडे भुसा टाकतो तसं."

"आता का बोलतोस हे? मंगळवारी का नाही बोललास?"

"तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं, सर. मीच सांगत होतो."

शिंप्याची पद्धत सगळ्यांनी मान्य केली, सेक्रेटरींनी सर्वांत शेवटी. पण साडेतीन फुटांच्या डागावर जाड लेप द्यायचा तर खडू किती लागणार? शिंप्याकडे मूठभर होता. दुकानातला पेटीभर पुरला नसता.

सरांची नजर छताकडे गेली. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. वर कपाटावर खडूची चाळीस खोकी होती. निरोपाच्या दिवशी शाळेने दिलेली. तीन शिक्षकांचे खडू हा एकटा माणूस संपवतो असा सरांचा लौकिक होता, म्हणून मुख्याध्यापकांनी गमतीने दिली होती. पण सरांनी ती गमतीने घेतली नव्हती. दोन वर्षं ते दर महिन्याला त्यांच्यावरची धूळ पुसत आले होते. पुढे कधीतरी लागतील म्हणून.

"ती फळ्यासाठी आहेत," सर म्हणाले.

"आणि फळा कुठे आहे? याच गॅरेजमध्ये ना?" काकूंनी विचारलं.

सरांनी भिंतीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि मुकाट्याने जिना चढू लागले.

मग दुपारभर गॅरेजमध्ये चाळीस खोकी खडू कुटला गेला. मावशींनी लाटणं आणलं, मेकॅनिकने हातोडा, सेक्रेटरींनी नियमावलीची जाडजूड फाइल. ती आडवी धरून दाबली की खडूचं पीठ फार सुरेख होई. शिंपी दुकान बंद करून, स्पिरिटच्या बाटल्या घेऊन आला आणि लेपाचा घट्टपणा बोटाने पाहत, "अजून थोडा," "पुरे," असं मोजकं बोलत राहिला. काकूंनी एक खडू उचलून हळूच पदरात ठेवला.

पाच वाजता सेक्रेटरी उठले, हात पुसले, चष्मा लावला आणि स्वतः थापलेल्या लेपाकडे परक्या माणसासारखं पाहिलं. जमीन दिसत नव्हती, त्यामुळे ना पास करता येत होतं ना नापास. त्यांनी बराच विचार केला आणि वहीत लिहिलं: निकाल राखीव. उद्या पावणेदहा.

रविवारी पावणेदहाला सरांनी लेप झाडला. झाडूखाली जमीन निघत गेली, राखाडी, कोरडी, डाग नसलेली. मावशींनी श्वास रोखला होता. मेकॅनिक चक्क धुतलेल्या बनियनमध्ये आला होता. शेवटी खड्डा आला. तिथला लेप निघाला, आणि तळाशी, थाळीएवढा, काळा, आपला डाग होता. ॲसिडने त्याला आत जायला चांगला रस्ताच करून दिला होता.

 सेक्रेटरी सावकाश पुढे आले. खड्ड्यात दोन्ही पाय जोडून उभे राहिले. चारी बाजूंना मान फिरवून पाहिलं आणि वहीत, मोठ्याने म्हणत, लिहिलं: "उभ्या जागेवरून पाहणी केली असता डाग आढळला नाही." सही केली. मात्र जागेवरून हलले नाहीत.

इतक्यात मुलं आली. अकरा होती. सतरंजीवर बसली. काकूंनी पदरातला खडू काढून सरांच्या हातात दिला. सरांनी तो पाहिला, घसा साफ केला आणि फळ्याकडे वळले. 'विषय' असं लिहिलं. त्यांच्या मनात बाष्पीभवन होतं.

"सर," मागून टिचकीचा आवाज आला. हात वर होता. "आजोबा खड्ड्यात का उभे आहेत?"

दोन वर्षांनी आलेला प्रश्न होता. सर वळले. सेक्रेटरी डोळ्यांनी नको नको म्हणत होते आणि वहीवर जोरजोरात फुंकर घालत होते.

"फार चांगला प्रश्न," सर म्हणाले. "साहेब, शाई वाळली का?"

सेक्रेटरींनी बोट लावून पाहिलं. "वाळली."

"मग जरा बाजूला व्हा."

सेक्रेटरी बाजूला झाले. सरांनी फळ्यावर 'विषय'पुढे 'सरांची चूक' असं लिहिलं. मुलं सतरंजी सोडून खड्ड्याभोवती गोळा झाली, आणि मग प्रश्न सुरू झाले. हा खड्डा कोणी केला? ॲसिडने तेल का नाही खाल्लं? बुडबुड्यांत काय होतं? तुम्हाला शून्य कोणी दिलं? तुम्ही रडलात का? मेकॅनिकलाही एक विचारायचा होता. मावशींना दोन.

दारातून काकूंनी विचारलं, "अहो, वरचा गॅस बंद केलात का?"

"एकेकाने विचारायचं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा खडूने पांढरा झाला होता आणि आनंदाने फुलला होता. "आणि हात वर करून."